इंग्रजी शब्दांच्या जाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ जातींची नावे बहुतेकांना तोंडपाठ असतात. गाडी अडते ती प्रत्यक्ष वाक्य समोर आल्यावर. ‘फास्ट’ इथे विशेषण की क्रियाविशेषण, ‘माय’ सर्वनाम की विशेषण, असे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे इथे सोप्याकडून अवघडाकडे लावली आहेत. इंग्रजी उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. जिथे स्पेलिंगचा संबंध येतो तिथे अक्षरे सांगितली आहेत.

१. शब्दांच्या जाती म्हणजे नेमके काय आणि त्या किती?

वाक्यात शब्द कोणते काम करतो यावरून त्याचा गट ठरतो. त्या गटाला शब्दाची जात म्हणतात. शालेय व्याकरणात आठ जाती शिकवतात: नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, प्रिपोझिशन म्हणजे ढोबळमानाने शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. ‘ढोबळमानाने’ मुद्दाम म्हटले आहे, कारण प्रश्न १३ मध्ये दिले आहे.

नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण या चार जातींत नव्या शब्दांची सतत भर पडते. ‘गूगल’ हे नाव बघता बघता क्रियापद झाले. सर्वनामे, प्रिपोझिशन आणि कंजंक्शन मात्र मोजकी आहेत आणि त्यांत क्वचितच नवा शब्द येतो. म्हणून हे छोटे गट पाठ करणे शक्य आहे, आणि ते करावेच. मोठ्या गटांतले शब्द कसोटी लावूनच ओळखावे लागतात.

२. मराठीतही आठच जाती आहेत. हा योगायोग आहे का?

नाही. आठाचा आकडा मूळचा ग्रीक. इसवीसनापूर्वीच्या काळात डायोनिसिअस थ्रॅक्स या ग्रीक व्याकरणकाराच्या नावावर असलेल्या मांडणीत आठ जाती होत्या. त्यांत आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे शब्द) होते, धातुसाधित होते, पण विशेषण वेगळे काढलेले नव्हते. लॅटिनमध्ये आर्टिकलच नसल्यामुळे तिथल्या व्याकरणकारांनी ती जागा केवलप्रयोगी अव्ययाला दिली. हीच परंपरा पुढे इंग्रजीत आली आणि तिथे विशेषण स्वतंत्र झाले. मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली प्रसिद्ध केले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता. आपल्याकडची जुनी विभागणी वेगळी होती. प्राचीन संस्कृत ग्रंथकार यास्काने निरुक्तात चारच गट सांगितले आहेत: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये).

तात्पर्य, मराठी आणि इंग्रजी जातींची नावे जुळतात ती मांडणी एका साच्यातून आली म्हणून. नाव जुळले म्हणजे वागणूकही जुळेल असे धरून चालू नये. बहुतेक चुका तिथेच होतात.

३. काही पुस्तकांत नऊ जाती असतात. नववी कोणती?

डिटरमिनर. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘दिस’, ‘माय’, ‘सम’, ‘एव्हरी’ यांसारखे शब्द. जुन्या पुस्तकांत हे सगळे विशेषणांत धरलेले असतात. पण ते विशेषणासारखे वागत नाहीत. विशेषणे एकापुढे एक लावता येतात: ‘अ बिग ब्लॅक डॉग’. ‘अ माय डॉग’ असे मात्र होत नाही. ‘अ’ असेल तर ‘माय’ नाही. शिवाय विशेषणाला ‘व्हेरी’ जोडता येते, ‘द’ला किंवा ‘माय’ला येत नाही. त्यामुळे वेगळा गट करणे जास्त बरोबर वाटते. परीक्षेत मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकात जे नाव दिले आहे तेच लिहा.

जाता जाता: ‘अ’ की ‘ॲन’ हे पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरते, अक्षरावर नाही. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

४. प्रत्येक शब्दाची जात एकदा पाठ केली की झाले ना?

नाही, कारण शब्दाला कायमची जात नसते. ‘राउंड’ घ्या. ‘द फर्स्ट राउंड’ मध्ये ते नाम आहे, ‘अ राउंड टेबल’ मध्ये विशेषण, ‘द कार राउंडेड द कॉर्नर’ मध्ये क्रियापद, ‘ही टर्न्ड राउंड’ मध्ये क्रियाविशेषण आणि ‘दे सॅट राउंड द फायर’ मध्ये प्रिपोझिशन. शब्द एकच, कामे पाच.

मराठी माणसाला हे खटकते, कारण आपल्याकडे काम प्रत्ययावरून कळते. ‘मांजर उंदराला पकडते’ आणि ‘उंदराला मांजर पकडते’ यांचा अर्थ एकच, कारण ‘ला’ उंदराला चिकटलेला आहे. इंग्रजीत ‘द कॅट कॅचेस द माउस’ मधली नामे उलटसुलट केली की उंदीरच मांजराला पकडू लागतो. इंग्रजीत प्रत्यय थोडे, त्यामुळे जागा बोलते. म्हणून जात ओळखताना शब्दाकडे एकट्याने पाहू नका. त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते पाहा.

५. वाक्यातल्या शब्दांच्या जाती ओळखायला सुरुवात कुठून करायची?

क्रियापदापासून. डावीकडून एकेक शब्द घेत गेलात तर तिसऱ्या शब्दाला अडकाल. हे वाक्य घ्या: ‘द टायर्ड बॉय क्विकली ड्रँक सम वॉटर बिफोर द मॅच.’

आधी वाक्याचा काळ बदलून पाहा. ‘ड्रँक’चे ‘विल ड्रिंक’ होते, बाकी काही हलत नाही. म्हणजे ‘ड्रँक’ हे क्रियापद. आता त्यालाच प्रश्न विचारा. कोण प्यायला? ‘बॉय’. काय प्यायला? ‘वॉटर’. ही दोन्ही नामे. कसा प्यायला? ‘क्विकली’, म्हणजे क्रियाविशेषण. मग नामांकडे वळा. कसा मुलगा? ‘टायर्ड’, विशेषण. ‘द’ आणि ‘सम’ डिटरमिनर. उरले ‘बिफोर द मॅच’. ‘मॅच’ नाम आहे आणि ‘बिफोर’ त्याला क्रियेशी जोडतो, म्हणून प्रिपोझिशन.

याच वाक्याच्या शेवटी ‘बिगॅन’ लावा: ‘बिफोर द मॅच बिगॅन’. एका शब्दाने ‘बिफोर’ची जात बदलली. ती कशी, ते प्रश्न १४ मध्ये.

६. नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाणाचे नाव. मग ‘अरायव्हल’ नाम कसे? ती तर क्रिया आहे.

ही व्याख्या अपुरी आहे, म्हणूनच गोंधळ होतो. अर्थापेक्षा कसोटी भरवशाची. शब्दाआधी ‘द’ किंवा ‘माय’ लावता येते का? ‘हिज अरायव्हल’ चालते, ‘हिज अराइव्ह’ चालत नाही. मराठीत ‘येणे’पेक्षा ‘आगमन’ जसे, तसे हे.

शेवटची अक्षरेही इशारा देतात. ‘नेस’, ‘मेंट’, ‘शन’, ‘इटी’ यांनी संपणारे शब्द बहुधा नामे असतात: ‘काइंडनेस’, ‘मूव्हमेंट’, ‘डिसिजन’, ‘ॲबिलिटी’. इशाराच, नियम नव्हे.

अनेकवचनी ‘एस’ लावून पाहणे ही दुसरी कसोटी, पण ती अर्धवट. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘होमवर्क’ या नामांना ‘एस’ लागत नाही, कारण इंग्रजीत ती मोजता येणारी मानत नाहीत. आपण ‘माहित्या’ म्हणत नाही, पण ‘सल्ले’ म्हणतो. त्यामुळे ‘ॲडव्हायसेस’ ही चूक मराठी लिहिणाऱ्याकडून सहज होते. मोजायचेच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा.

७. ‘माय’ आणि ‘माइन’, दोन्ही ‘माझे’च. मग जात वेगळी का?

‘माय’ला पुढे नाम लागते: ‘माय बुक’. ‘माइन’ नामाची जागाच घेतो: ‘द बुक इज माइन’. नामाच्या जागी येतो तो सर्वनाम, नामासोबत येतो तो विशेषण किंवा डिटरमिनर. मराठीत ‘माझे’ दोन्ही कामे करते, म्हणून फरक जाणवत नाही. ‘युवर’ आणि ‘युअर्स’, ‘देअर’ आणि ‘देअर्स’ यांचेही तेच. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे तसाच राहतो.

‘दिस’, ‘दॅट’, ‘सम’, ‘ऑल’ यांनाही हीच कसोटी लावा. ‘दिस पेन’ मध्ये पुढे नाम आहे. ‘दिस इज माय पेन’ मध्ये ‘दिस’च्या पुढे नाम नाही, म्हणून ते सर्वनाम.

८. ‘इज’मध्ये कुठलीच क्रिया नाही. मग ते क्रियापद कसे?

क्रिया दिसणे ही कसोटी नाही, काळ दाखवणे ही आहे. ‘इज’चे ‘वॉज’ होते, ‘विल बी’ होते. मराठीत ‘आहे’ हे क्रियापदच आहे, तसेच हे. ‘हॅव’, ‘नो’ (माहीत असणे), ‘बिलाँग’ यांतही हालचाल दिसत नाही, तरी ती क्रियापदेच.

‘बी’, ‘हॅव’ आणि ‘डू’ ही तीन क्रियापदे कधी मुख्य तर कधी सहायक असतात. ‘आय हॅव अ कार’ मध्ये ‘हॅव’ एकटे उभे आहे, म्हणजे मुख्य. ‘आय हॅव सीन इट’ मध्ये मुख्य काम ‘सीन’ करते. ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’, ‘मस्ट’ ही सहायक क्रियापदे अगदी वेगळी वागतात: त्यांना ‘एस’ लागत नाही आणि त्यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. ‘ही कॅन्स टू स्विम’ मध्ये दोन्ही चुका एकदम आहेत. बरोबर वाक्य ‘ही कॅन स्विम’.

९. ‘शी सिंग्ज गुड’ का चुकते? मराठीत तर ‘ती चांगली गाते’ म्हणतो.

इथेच मराठीची सवय आड येते. ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली गाते’, दोन्हीकडे आपण तोच शब्द वापरतो. ‘छान’, ‘सुंदर’ यांचेही तसेच. आपल्या कानाला विशेषण आणि क्रियाविशेषण यांत भेद वाटतच नाही. प्रमाण इंग्रजी लेखनात तो पाळावा लागतो: ‘अ गुड सिंगर’, पण ‘सिंग्ज वेल’.

वाक्य लिहिताना एकच प्रश्न विचारा: हा शब्द कोणाबद्दल सांगतो? नामाबद्दल असेल तर विशेषण. क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल, दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल किंवा अख्ख्या वाक्याबद्दल असेल तर क्रियाविशेषण. ‘व्हेरी टॉल’ मधले ‘व्हेरी’ उंचीबद्दल सांगते, माणसाबद्दल नाही. म्हणून ते क्रियाविशेषण. ‘फॉर्च्युनेटली, ही सर्व्हाइव्ह्ड’ मधले ‘फॉर्च्युनेटली’ पूर्ण वाक्यावर बोलते. वाचण्याची रीत सुदैवी नव्हती, तो वाचला हे सुदैव.

१०. क्रियापदापुढे क्रियाविशेषणच हवे, तर ‘द सूप टेस्ट्स गुड’ बरोबर कसे?

कारण ‘गुड’ इथे चवीच्या क्रियेबद्दल नाही, सूपबद्दल बोलते. सूप स्वतः काही चाखत नाही. ‘बी’, ‘सीम’, ‘बिकम’, ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘साउंड’ ही क्रियापदे कर्ता आणि विशेषण यांना नुसती जोडतात. त्या जागी ‘इज’ ठेवून पाहा. ‘द सूप इज गुड’ जमते, म्हणजे विशेषण हवे.

हीच क्रियापदे खरी क्रिया दाखवू लागली की क्रियाविशेषण लागते. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिले. मराठीत आपण ‘दिसली’ आणि ‘पाहिले’ असे वेगळे शब्द वापरतो. इंग्रजीत एकाच ‘लुक’ची दोन कामे आहेत.

११. शेवटी ‘एलवाय’ आले की क्रियाविशेषण, हा नियम कितपत खरा?

बऱ्याच अंशी खरा, पण डोळे झाकून वापरण्याइतका नाही. विशेषणाला ‘एलवाय’ लागले तर क्रियाविशेषण होते: ‘स्लो’, ‘स्लोली’. नामाला लागले तर बहुधा विशेषण होते: ‘फ्रेंड’, ‘फ्रेंडली’. ‘कॉस्टली’, ‘कॉवर्डली’, ‘लव्हली’ हीही अशीच विशेषणे. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ चालत नाही. ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असे लिहावे लागते. ‘डेली’, ‘वीकली’, ‘अर्ली’ दोन्ही कामे करतात. ‘फॅमिली’ आणि ‘रिप्लाय’ यांत ‘एलवाय’ हा प्रत्ययच नाही, तो शब्दाचाच भाग आहे.

१२. ‘हार्ड’चे क्रियाविशेषण ‘हार्डली’ का नाही?

‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’, ‘स्ट्रेट’ हे शब्द न बदलता दोन्ही कामे करतात. ‘अ हार्ड जॉब’ आणि ‘ही वर्क्स हार्ड’. ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. ‘हार्डली’ आणि ‘लेटली’ आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा: ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. एखाद्याची स्तुती करताना ‘ही हार्डली वर्क्स’ लिहिलेत तर अर्थ होतो, तो काम जवळजवळ करतच नाही. अर्जात किंवा शिफारसपत्रात ही चूक महागात पडते.

१३. प्रिपोझिशन आणि शब्दयोगी अव्यय एकच ना?

काम मिळतेजुळते, पण दोन फरक आहेत. पहिला जागेचा. मराठीत ‘टेबलाखाली’ असे नामानंतर आणि नामाला जोडून लिहितात. इंग्रजीत ‘अंडर द टेबल’ असे नामाआधी आणि सुटे.

दुसरा फरक मोठा आहे. इंग्रजी प्रिपोझिशनची बरीच कामे मराठीत शब्दयोगी अव्यय करतच नाही, विभक्तीचे प्रत्यय करतात. ‘सोमवारी’, ‘पाच वाजता’, ‘मे महिन्यात’ यांत एकही शब्दयोगी अव्यय नाही. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘ॲट फाइव्ह’, ‘इन मे’. वारासाठी आणि तारखेसाठी ‘ऑन’, घड्याळातल्या वेळेसाठी ‘ॲट’, महिना आणि वर्षासाठी ‘इन’, एवढे पक्के करून ठेवा.

मराठी प्रत्ययाचे किंवा शब्दयोगी अव्ययाचे शब्दशः भाषांतर केले की चुका होतात. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड ऑन द टॉपिक’ लिहिले जाते. ‘डिस्कस’ला थेट कर्म लागते, ‘डिस्कस्ड द टॉपिक’. ‘त्याच्याशी लग्न झाले’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’; हवे ‘मॅरीड टू हिम’ किंवा नुसते ‘मॅरीड हिम’. ‘इंग्रजीत हुशार’ म्हणून ‘गुड इन इंग्लिश’. रूढ आहे ‘गुड ॲट इंग्लिश’. याला तर्क लावत बसू नका. क्रियापद किंवा विशेषण त्याच्या प्रिपोझिशनसकट पाठ करा.

१४. ‘बिफोर’ आणि ‘सिन्स’ कधी प्रिपोझिशन असतात, कधी कंजंक्शन?

पुढे काय आहे ते पाहा. पुढे नुसते नाम असेल तर प्रिपोझिशन: ‘सिन्स मंडे’. पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य असेल तर कंजंक्शन: ‘सिन्स शी लेफ्ट’. पुढे काहीच नसेल तर क्रियाविशेषण: ‘आय हॅव नॉट सीन हर सिन्स’. ‘आफ्टर’ आणि ‘अंटिल’ यांनाही हीच कसोटी लावा.

काही शब्दांना मात्र एकच बाजू असते. ‘ड्यूरिंग’ प्रिपोझिशनच आहे आणि ‘व्हाइल’ कंजंक्शन. म्हणून ‘ड्यूरिंग द लेक्चर’, पण ‘व्हाइल आय वॉज लिसनिंग’. ‘डिस्पाइट द रेन’ आणि ‘ऑल्दो इट रेन्ड’ ही जोडीही तशीच. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही. ते ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये असते आणि तिथूनच चुकून उचलले जाते.

१५. ‘टर्न ऑफ द लाइट’ मधले ‘ऑफ’ प्रिपोझिशन आहे का?

नाही. ते क्रियापदाचाच तुकडा आहे. जुनी व्याकरणे त्याला क्रियाविशेषण म्हणतात, नवी पार्टिकल. ओळखायची युक्ती अशी, की ते नामाच्या पलीकडे सरकवून पाहा. ‘टर्न द लाइट ऑफ’ जमते, म्हणजे पार्टिकल. ‘लुक ॲट द लाइट’चे ‘लुक द लाइट ॲट’ होत नाही, म्हणजे ‘ॲट’ प्रिपोझिशन. नामाऐवजी ‘इट’ आले की पार्टिकलला शेवटीच जावे लागते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक.

१६. ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ मध्ये काय चुकले?

दोन वाक्यांना एकच कंजंक्शन पुरते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो, म्हणून हात आपोआप ‘बट’ लिहितो. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ एकत्र आणण्याची चूकही याच घरातली.

समान वजनाची वाक्ये जोडणारे सात शब्द आहेत: ‘फॉर’, ‘अँड’, ‘नॉर’, ‘बट’, ‘ऑर’, ‘येट’, ‘सो’. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ या यादीत नाहीत, कारण ती क्रियाविशेषणे आहेत. नुसता स्वल्पविराम देऊन त्यांनी दोन वाक्ये जोडता येत नाहीत. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

१७. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक का? ‘टू’नंतर तर मूळ क्रियापद येते.

‘टू’ दोन आहेत. ‘आय वाँट टू मीट यू’ मधले ‘टू’ ही क्रियापदाची खूण आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधले ‘टू’ मात्र प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशनपुढे नाम किंवा नामासारखे रूप येते. ‘टू’नंतर एखादे नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’ जमते, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ‘वाँट टू द मीटिंग’ जमत नाही, म्हणून तिथे ‘टू मीट’. ‘यूज्ड टू’ म्हणजे ‘सवय असणे’ या अर्थी ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली’ हेही याच नियमाने.

१८. ‘आयएनजी’चा शब्द नाम, क्रियापद आणि विशेषण तिन्ही कसा?

इथे मराठी मदतीला येते, कारण आपल्याकडे तिन्ही रूपे वेगळी आहेत. ‘स्विमिंग इज फन’ मध्ये ‘पोहणे’, म्हणजे नाम. ‘शी इज स्विमिंग’ मध्ये ‘पोहत’, म्हणजे क्रियापदाचा भाग. ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ म्हणजे ‘झोपलेले मूल’, विशेषण. आणि ‘अ स्लीपिंग बॅग’? पिशवी झोपलेली नाही, ती झोपण्यासाठी आहे; इथे पुन्हा नाम. वाक्य मराठीत करून पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

नामातही दोन पायऱ्या आहेत. ‘रीडिंग द लेटर क्विकली’ मध्ये ‘रीडिंग’ला कर्म आहे आणि क्रियाविशेषणही, क्रियापदाचे संस्कार अजून गेलेले नाहीत. याला जेरंड म्हणतात. ‘अ क्विक रीडिंग ऑफ द लेटर’ मध्ये आधी विशेषण आणि पुढे ‘ऑफ’ आले, म्हणजे ते पूर्ण नाम झाले.

१९. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ मध्ये ‘ब्रोकन’ क्रियापद की विशेषण?

दोन्ही शक्य आहेत, आणि हे वाक्य एकटे असताना ठरवता येत नाही. मराठीत दोन भाषांतरे होतात: ‘खिडकी फोडली गेली’ आणि ‘खिडकी फुटलेली होती’. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात स्थिती. ‘बाय अ बॉल’ जोडले की क्रियापद. ‘स्टिल ब्रोकन’ म्हटले की विशेषण.

याच धाग्यातली नेहमीची चूक म्हणजे ‘आय ॲम बोअरिंग’. ज्याला वाटते त्याला ‘ईडी’, जे वाटायला लावते त्याला ‘आयएनजी’. कंटाळा तुम्हाला आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’.

२०. ‘स्टोन वॉल’ मध्ये ‘स्टोन’ विशेषण आहे का?

ते विशेषणाच्या जागेवर बसलेले नाम आहे. ‘व्हेरी स्टोन वॉल’ होत नाही आणि ‘द वॉल इज मोअर स्टोन’ही होत नाही. मराठीत ‘दगड’चे ‘दगडी’ करावे लागते. इंग्रजीत नाम तसेच पुढे ठेवतात. अशा नामाला बहुधा एकवचनातच ठेवतात: ‘अ टेन-मिनिट वॉक’, ‘मिनिट्स’ नाही.

२१. आणि ‘द रिच’ मध्ये ‘रिच’ नाम आहे का?

उलट प्रकार. विशेषण नामाच्या जागी आले आहे. मराठीत ‘श्रीमंतांना काय कमी’ म्हणतो तसे. ‘द’ लागतेच, ‘एस’ लागत नाही आणि अर्थ त्या सगळ्या गटाचा असल्यामुळे क्रियापद अनेकवचनी येते: ‘द रिच आर’. एका श्रीमंत माणसासाठी ‘अ रिच’ म्हणता येत नाही, ‘अ रिच मॅन’ म्हणावे लागते.

२२. ‘दॅट’ प्रत्येक वाक्यात वेगळा का निघतो?

‘दॅट हाउस’ मध्ये डिटरमिनर, ‘दॅट इज माइन’ मध्ये सर्वनाम. हे प्रश्न ७ मध्ये आलेच. ‘द बुक दॅट आय बॉट’ मध्ये ते पुस्तकाच्या जागी आहे, म्हणजे संबंधी सर्वनाम. तिथे ‘विच’ ठेवता येते. ‘आय नो दॅट शी इज हिअर’ मध्ये ‘विच’ ठेवता येत नाही, ते मराठीतल्या ‘की’सारखे कंजंक्शन आहे. आणि ‘इट इज नॉट दॅट बॅड’ मध्ये ‘तितके’ या अर्थाने क्रियाविशेषण.

२३. ‘नॉट’, ‘येस’, ‘देअर इज’ मधले ‘देअर’, हे कुठे बसवायचे?

‘नॉट’ क्रियाविशेषण. ‘येस’ आणि ‘नो’ यांना कुणी क्रियाविशेषण तर कुणी इंटरजेक्शन म्हणतात. ‘देअर इज अ प्रॉब्लेम’ मधल्या ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा नाही. तो कर्त्याची रिकामी जागा भरतो. ‘देअर इज अ प्रॉब्लेम देअर’ या वाक्यात शेवटचा तेवढा ‘तिथे’. ‘ओह’ आणि ‘अलास’ वाक्यात गुंफलेले नसतात, म्हणून इंटरजेक्शन.

२४. स्पेलिंग एकच, पण उच्चार वेगळा असेल तर जात बदलते का?

पुष्कळदा बदलते. ‘रेकॉर्ड’, ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’ यांसारख्या दोन अवयवांच्या (उच्चारातल्या तुकड्यांच्या) बऱ्याच शब्दांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. ‘यूज’ नाम असताना शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापद असताना ‘झ’. ‘ॲडव्हाइस’ मध्ये स्पेलिंगही बदलते: नामाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’चेही तसेच, फक्त उच्चार दोन्हीकडे सारखा.

२५. ‘द ओल्ड मॅन द बोट’ हे वाक्य पूर्ण आहे म्हणतात. क्रियापद कुठे आहे?

‘मॅन’ हेच क्रियापद आहे. ‘द ओल्ड मॅन’ एकत्र वाचायची सवय असल्यामुळे ‘म्हातारा माणूस’ असा अर्थ मनात आधीच बसतो आणि पुढे ‘द बोट’ आले की वाक्य तुटल्यासारखे वाटते. प्रश्न ५ प्रमाणे काळ बदलता येणारा शब्द शोधा: ‘द ओल्ड मॅन्ड द बोट’ जमते. ‘मॅन’ म्हणजे इथे ‘चालवायला माणूसबळ पुरवणे’. मग कोण? ‘द ओल्ड’, म्हणजे वृद्ध मंडळी, प्रश्न २१ मधल्या ‘द रिच’सारखे. गट अनेकवचनी, म्हणून ‘मॅन’ला ‘एस’ लागलेला नाही. ‘द ओल्ड’च्या जागी ‘दे’ ठेवून वाचा: ‘दे मॅन द बोट’.